निळी की नारिंगी

"आधी हातमोजा काढ," सिराजुद्दीन म्हणाला. "आणि इंजिनाला हात लाव."

"अब्बा, इथे उणे अठरा आहे," फोनमधून उमैर म्हणाला.

"मग पटकन लाव."

फजरची नमाज नुकतीच झाली होती. जेद्दाच्या अल अझीझियातल्या त्या खोलीत दोन खाटा, एक कपाट आणि खिडकीशी एक टेबल होतं. टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून सिराजुद्दीनने मोबाइल उभा केला होता. खोलीतला जोडीदार बाळकृष्ण स्टोव्हवर चहा ठेवून खाटेच्या कडेवर बसला होता. तो अलिबागकडचा, एसीचं काम करणारा. त्याला मोटरसायकलीतलं फारसं कळत नव्हतं, पण चार दिवस रोज सकाळी हे चाललं होतं आणि आता त्यालाही गोडी लागली होती.

मोबाइलमध्ये कॅनडातल्या कुणा अनोळखी माणसाचं गॅरेज दिसत होतं. तिथे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. ट्यूबलाइटखाली एक नारिंगी डर्ट बाइक उभी होती, नवीकोरी वाटावी इतकी चकचकीत. उमैरचा उघडा हात पडद्यावर आला आणि इंजिनावर टेकला.

"कोमट आहे," तो म्हणाला.

"तू आल्यावर चालू केली का त्यानं?"

"नाही. मी आत्ताच आलोय."

"म्हणजे तू यायच्या आधी चालू करून ठेवलीय. थंड असताना लवकर पेटत नसणार, म्हणून." सिराजुद्दीन पुढे झुकला. "आता असं कर. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर मागून घे. बाइक चालू कर. ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या खालच्या अंगाला टेकव आणि मूठ कानाला लाव. डाव्या बाजूनं."

पडदा हलला, छत दिसलं, मग जमीन दिसली. इंजिनाचा आवाज फोनमधून पत्रा घासल्यासारखा येत होता, त्यातून काही कळणं शक्य नव्हतं. म्हणून तर त्याने मुलाचा कान कामाला लावला होता.

"काय ऐकू येतं?"

उमैरने मूठ कानाला दाबून धरली. "अम्मी सुपात तांदूळ पाखडते ना, तसं. बारीक खरखर. मध्येच थांबते, परत येते."

"वर की खाली?"

"खाली."

"बेअरिंग जायला आलंय," सिराजुद्दीन म्हणाला. "ही नको."

उमैरने बाइक बंद केली, तो गॅरेजच्या बाहेर आला आणि त्याने दार ओढून घेतलं. त्याच्या टोपीवर बर्फाचे कण पडत होते. तो बोलायला लागला तेव्हा तोंडातून वाफ येत होती.

"अब्बा, ही फक्त तीन वर्षांची आहे. निळी बारा वर्षांची आहे, तिचं प्लास्टिकसुद्धा धड नाही. आणि सेलर म्हणतो, या सगळ्या बाइक असाच आवाज करतात."

"त्याला विकायचीय."

"इथली सगळी मुलं हीच घेतात. बर्फात पॉवर लागते."

"पॉवर दोघींची सारखीच हाय. वाळूत मी अठ्ठावीस वर्षं..."

"ही तुमची वाळू नाही, अब्बा." उमैरचा आवाज थोडा चढला. "तुम्ही बर्फ बघितलाय का कधी?"

बाळकृष्णाने चहा गाळता गाळता मान वर केली. उमैर म्हणाला, उद्या बोलू, आणि पडदा काळा झाला.

"पोरगं थंडीनं वैतागलं असेल," बाळकृष्ण कप पुढे करत म्हणाला.

"बरोबर बोलला तो," सिराजुद्दीन म्हणाला. "मी कुठं बघितलाय?"

*

पाच दिवसांपूर्वी उमैरचा मेसेज आला होता. "अब्बा, डर्ट बाइकला बर्फाचं किट बसवून घ्यायचंय. किट मिळालंय. बाइक कोणती घेऊ?"

सिराजुद्दीनने तो मेसेज गॅरेजमध्ये, एका बाइकचा कार्ब्युरेटर उघडलेला असताना वाचला. मग हात पुसून पुन्हा वाचला. उमैर आता एकोणतीस वर्षांचा होता. सिराजुद्दीन दाभोळ सोडून सौदीला आला तेव्हा तो रांगत होता. पुढे दर दोन वर्षांनी दीड महिना सुट्टी मिळायची. त्यातले पहिले दहा-बारा दिवस मुलगा लाजून आईच्या मागे उभा राहायचा, मग हळूहळू जवळ यायचा, बापाच्या पाठीवर बसून खाडीत उतरायचा, आणि तोवर परतीची बॅग भरायची वेळ व्हायची. लहानपणी तर तो टेलिफोनलाच अब्बा म्हणायचा. घंटा वाजली की "अब्बा रडतोय" असं ओरडत आईकडे धावायचा. त्याची बायको खतीजा हे हसून सांगायची आणि सिराजुद्दीनही हसायचा.

मुलाने शिकावं, हातापायाला ग्रीस लागू नये, हे त्यानेच ठरवलं होतं. उमैर कॅनडाला हॉटेलचं शिक्षण घ्यायला गेला, तिथेच नोकरीला लागला. आता तो डोंगरातल्या एका लॉजची हिवाळी देखरेख करत होता. नोव्हेंबरात बर्फ पडला की लॉजचा रस्ता बंद व्हायचा. खालच्या गावापासून वर चौदा किलोमीटर बर्फावरून जायचं, पाच दिवस राहायचं, दोन दिवसांसाठी खाली यायचं. लॉजची बर्फावर चालणारी एक गाडी होती, पण ती दोघांत होती आणि नेमकी हवी तेव्हा दुसऱ्याकडे असायची. म्हणून त्याला स्वतःची बाइक हवी होती. काम सोडून जाणाऱ्या एका माणसाने त्याला किट दिलं होतं. पुढच्या चाकाच्या जागी रुंद पट्टीसारखी स्की आणि मागच्या चाकाच्या जागी रणगाड्यासारखा रबरी पट्टा.

मुलाशी फोनवर काय बोलायचं हा सिराजुद्दीनला नेहमीचा प्रश्न होता. जेवलास का, थंडी आहे का, पगार वेळेवर होतो का, एवढं झालं की दोघंही गप्प व्हायचे आणि मग उमैर म्हणायचा, अम्मीला सलाम सांगा. बापाला येतं ते त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी सिराजुद्दीन जेवायलाही गेला नाही. मोबाइलवर बर्फातल्या बाइकचे व्हिडिओ बघत राहिला. पट्टा कसा ओढतो, चेन कुठून जाते, किट कोणत्या सांगाड्याला बसतं. चारशे पन्नास सीसीच्या बाइकलाच ते किट बसणार होतं. त्यामुळे उमैरने दाखवलेली हलकी लाल बाइक पहिल्याच दिवशी बाद झाली आणि दोन उरल्या, निळी आणि नारिंगी.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनात मेसेज वाचतानाच आली होती आणि ती त्याने कुणाला बोलून दाखवली नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटी त्याचा इकामा, म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना, संपत होता. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर तो परवाना होता त्या मालकाने, फायनल एक्झिटला होकार दिला होता. सत्तावन्नाव्या वर्षी सिराजुद्दीन कायमचा घरी जाणार होता, आणि गेल्या बकरी ईदला उमैरनेच सांगितलं होतं, तुम्ही दाभोळला पोचाल तेव्हा मी दारात उभा असेन. सात वर्षांत तिघं एका छपराखाली झोपले नव्हते. खतीजाने माडीवरच्या खोलीला रंग दिला होता, गादी नवी करून घेतली होती.

आता जानेवारी लागला होता. फेब्रुवारीत घरी येणारा माणूस जानेवारीत बर्फाची बाइक कशाला घेईल?

खतीजाने त्याला फोनवर विचारलंच. "येतो कधी म्हणाला? तिकीट काढलंन काय?"

"बाइक घेऊ दे आधी," सिराजुद्दीन म्हणाला.

"तुमी इचारलंत काय त्याला?"

"इचारतो."

"रोज अर्धा अर्धा तास बोलताव. मग बोलताव तरी काय?"

सिराजुद्दीनने फोन दुसऱ्या कानाला लावला. रोज अर्धा तास बोलतो, हेच तर होतं. येण्याबद्दल विचारलं असतं तर तो अर्धा तास राहिला नसता.

*

नबील दर गुरुवारी गॅरेजला यायचा. तिशीतला सौदी, बँकेत नोकरी, दोन डर्ट बाइक आणि दोन्हींवर जीव. त्या दोन्ही सिराजुद्दीनशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती तो देत नसे. सिराजुद्दीनला तो मुअल्लिम म्हणायचा. तिकडे कसबी कारागिराला असं म्हणतात.

"मुअल्लिम, दोन्ही बाइक उद्या दुपारपर्यंत तयार ठेव," तो म्हणाला. "उत्तरेला चाललोय. तबूकच्या पुढे जबल अल-लौझवर काल रात्री बर्फ पडलाय. माझे दोन दोस्त पोचलेतसुद्धा."

दरवर्षी बर्फ पडला की तो जायचा आणि दरवर्षी सिराजुद्दीनला म्हणायचा, तूही चल, बाइक बिघडली तर कोण बघणार. सिराजुद्दीन दरवर्षी हसून नाही म्हणायचा. एक हजार किलोमीटर जायचं, ते पांढरं काहीतरी बघायला? या वेळी नबीलने विचारलंही नव्हतं.

"मी येऊ?" सिराजुद्दीन म्हणाला.

नबीलने त्याच्याकडे बघितलं. "बर्फ बघायला?"

"माझ्या मुलाला बर्फात चालवायची बाइक घ्यायचीय. कोणती घ्यायची ते मला ठरवायचंय."

"तुझा मुलगा कुठे असतो?"

"कॅनडात."

नबील हसला नाही. "जाड कपडे आहेत का तुझ्याकडे?" एवढंच त्याने विचारलं.

जाड कपडे नव्हतेच. बाळकृष्णाने आपलं गोडाऊनमधल्या थंड खोलीत काम करताना घालायचं जाकीट काढून दिलं. ते सिराजुद्दीनला लांडं होत होतं.

शुक्रवार सुट्टीचा, शनिवारची रजा कफीलने कुरकुरत दिली. गाडीमागे ट्रेलरवर दोन बाइक बांधून ते निघाले. राबिघच्या रिफायनरीचा धूर मागे पडला, यंबू मागे पडलं. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला उघडे डोंगर, आणि रस्ता सरळ. नबील गाडी चालवता चालवता मुलाबद्दल विचारत होता. काय शिकला, लग्न झालं का, घरी कधी येतो. शेवटच्या प्रश्नाला सिराजुद्दीन म्हणाला, "काम असतं." रात्री समुद्रकाठच्या दुबा गावात मुक्काम केला आणि सकाळी डोंगराकडे वळले.

बर्फ पहिल्यांदा दिसला तो डोंगराच्या खांद्यावर, चुना सांडल्यासारखा. वर गेले तसा तो रस्त्याच्या कडेला आला. शेकडो गाड्या उभ्या होत्या. लोक शेकोट्या पेटवून कहवा पीत होते, बायका मुलांचे फोटो काढत होत्या. सिराजुद्दीन गाडीतून उतरला, गर्दीपासून थोडा लांब गेला आणि खाली बसून त्याने बर्फावर हात ठेवला. आधी काही वाटलं नाही. मग बोटांना चावल्यासारखं झालं आणि थोड्या वेळाने बोटं आपली नाहीतच असं वाटायला लागलं. उणे अठरामध्ये मी त्याला हातमोजा काढायला लावला, हे त्याला आठवलं. इथे तर पाण्याचा जेमतेम बर्फ होत होता.

दिवसभर त्याने काम केल्यासारखा बर्फ बघितला. उन्हातला बर्फ ओल्या वाळूसारखा दबत होता. सावलीतला कोरडा, पिठासारखा. चाक त्यात फिरलं की जागीच खड्डा खणून खाली जात होतं. पट्टा कशाला लागतो ते त्याला आता पायाने कळलं. इंजिनाच्या पाइपवर उडालेला बर्फ सूं करून वितळायचा, ओघळायचा आणि खाली थंड लोखंडावर पुन्हा गोठायचा.

दुपारनंतर नबील रस्त्यापासून लांबच्या एका सावलीतल्या घळीत उतरला. तिथे गुडघाभर बर्फ होता. बाइक गुरगुरत शंभर-दीडशे मीटर आत गेली, मग तिचा आवाज घुसमटला आणि बंद पडला. नबीलने बटण दाबलं. इंजिन फिरलं, पेटलं नाही. तो दाबत राहिला. सिराजुद्दीन धडपडत पोचेपर्यंत बॅटरी संपली होती, बटण दाबलं की नुसतं टक् एवढंच वाजत होतं.

त्याने सीट काढली. एअर फिल्टरवर बर्फ भरून वितळला होता आणि वरून पुन्हा गोठला होता. इंजिनाला श्वासच नव्हता. त्याने फिल्टर काढून पिळला, झटकला, बसवला. पण आता चालू कशी करायची? या बाइकला किक नव्हतीच. ढकलून चालू करावी तर मागचं चाक फिरायचं सोडून बर्फावर नुसतं घसरत होतं.

"मुअल्लिम, आता?" नबील म्हणाला.

"आता ओढायची."

नबील, त्याचे दोन दोस्त आणि सिराजुद्दीन, चौघांनी ती चारशे मीटर ओढून रस्त्यावर आणली. दीड तास लागला. सिराजुद्दीनच्या बुटांत पाणी गेलं, पाय घोट्यापर्यंत बधिर झाले. मध्ये एकदा दम खायला तो बर्फातच बसला. वर रस्त्यावरून लोकांचे आवाज येत होते, कुणीतरी गाणं लावलं होतं, मांस भाजल्याचा वास येत होता. त्याने मागे घळीकडे बघितलं. इथून रस्ता चारशे मीटर. तिथे चौदा किलोमीटर, आणि एकटा.

तो उठला आणि पुन्हा हँडलला लागला.

*

संध्याकाळी सहाला खाली उतरल्यावर पेट्रोल पंपाशी मोबाइलला रेंज आली. नबील चहा आणायला गेला होता. सिराजुद्दीनने गाडीचा हीटर पायांवर सोडला आणि उमैरला फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते.

"अब्बा? आज या वेळेला?" उमैर लॉजच्या स्वयंपाकघरात उभा होता. मागच्या खिडकीत अजून अंधार होता. "कुठे आहात? हे कुणाचं जाकीट?"

"बाळकृष्णाचं. तबूकला आलोय. बर्फ बघायला."

उमैरने हातातला कप खाली ठेवला. "का?"

"तू विचारलंस ना, बघितलाय का म्हणून. नव्हता बघितला."

"अब्बा, मी चिडून बोललो होतो."

"चिडलास तरी बरोबर बोललास. आता ऐक." आणि तो जे जे दिसलं ते सांगत गेला. फिल्टरवर बर्फ कसा बसतो, त्याला वरून बारीक जाळीचं कापड कसं लावायला हवं, पाइपवरचं पाणी कुठे गोठतं. उमैर मध्ये मध्ये विचारत होता. बर्फ कोरडा होता का? उतार किती होता? बॅटरी किती वेळात गेली? मुलगा बापाची विचारपूस करत नव्हता, बापाच्या कामाबद्दल विचारत होता. सिराजुद्दीनला बोलताना थकवा जाणवेनासा झाला.

"चौघं होतो म्हणून ओढली," तो शेवटी म्हणाला. "तुझ्याबरोबर वाटेत कोण असतं?"

"कोणी नसतं."

"मग नुसत्या बटणावर जाऊ नको. बटण असू दे, पण किक पायजे. निळीला दोन्ही हाय. बारा वर्षांची असली तरी इंजिन कमी चाललंय तिचं. प्लास्टिक काय, बदलता येतं."

"निळी अजून आहे," उमैर म्हणाला. "मी कालच विचारलं होतं."

"का?"

"नारिंगी परत बघायला गेलो होतो. सकाळी लवकर, न सांगता. पाच मिनिटं पेटलीच नाही."

दोघंही थोडे हसले. मग उमैरने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "अब्बा, ते फेब्रुवारीचं..."

सिराजुद्दीनला वाटलं, हे त्याला बोलायला लावू नये. एवढं अंतर कापून पोरगं आपल्याशी बोलायला लागलंय, त्याला आता खाली मान घालायला लावू नये.

"बर्फ किती दिवस असतो तुझ्याकडं?" त्याने विचारलं.

"एप्रिल अखेरपर्यंत."

"मग मे महिन्यात बघ."

"मे महिन्यात नक्की येतो," उमैर घाईने म्हणाला.

मे महिन्यात रस्ता उघडतो आणि लॉजवर पाहुण्यांची गर्दी सुरू होते, हे मागे कधीतरी उमैरनेच सांगितलं होतं. ते दोघांनीही काढलं नाही.

"अम्मीला कोण सांगणार?" उमैर म्हणाला.

"मी सांगतो. तू बाइक आण. आणि निळीवाल्याला सांग, इंजिन थंड ठेव, मी आल्याशिवाय हात लावू नको."

नबील दोन कागदी कप घेऊन आला तेव्हा सिराजुद्दीन मोबाइल मांडीवर ठेवून बसला होता. "ठरली बाइक?" नबीलने विचारलं.

"ठरली."

"आणि मुलगा? येतोय घरी?"

"ठरली बाइक," सिराजुद्दीन पुन्हा म्हणाला. नबीलने कप त्याच्या हातात दिला आणि गाडी चालू केली.

*

खतीजाला त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "तुमीच त्याला बाइक घेऊन दिलीत. आता तो कशाला येतोय."

"नसती घेऊन दिली तरी आला नसता, खतीजा. दुसरी कुठलीतरी घेतलीन असती."

"मग बरी तरी हाय काय ती?"

"बरी हाय. पेटते लगेच."

"एवढ्या थंडीत गरम जेवण कोण देतो त्याला," ती म्हणाली. मग माडीवरच्या खोलीत गादी तशीच ठेवू की घडी करू, असं विचारलं. सिराजुद्दीन म्हणाला, असू दे तशीच.

पुढचे तीन आठवडे त्याला सौदीतल्या अठ्ठावीस वर्षांहून वेगळे गेले. आठवड्यातून दोन दिवस उमैर खाली गावात असायचा. एका ओळखीच्या माणसाची शेड त्याला मिळाली होती. सकाळी नमाज झाली की सिराजुद्दीन चहाचा कप घेऊन साखरेच्या डब्यासमोर बसायचा, आणि तिकडे उमैर शेडमध्ये निळी बाइक उघडून बसलेला असायचा. मागचं चाक निघालं, पुढचं निघालं. बोल्ट कोणता आधी, कोणता नंतर. पाना उलटा धरलास. हात आखडून नाही, खांद्यातून जोर लाव. चेन इतकी ताणू नको, दोन बोटं हलायला हवीत.

जन्मभर सिराजुद्दीनने इंजिनं थंड राहावीत म्हणून खटपट केली होती. जेद्दाच्या उन्हात रेडिएटर साफ करायचे, पंखे बसवायचे, पाणी उकळतंय का बघायचं. आता तो मुलाला रेडिएटर झाकायला शिकवत होता, इंजिनाची ऊब बाहेर जाऊ नये म्हणून कुठे काय गुंडाळायचं ते सांगत होता. पातळ तेल घाल, गोठलं नाही पाहिजे. चालू झाल्या झाल्या पळवू नको, पाच मिनिटं तिला उभ्या उभ्या गरम होऊ दे.

एकदा नट काढताना पाना सटकून उमैरच्या बोटाचं साल निघालं. त्याने बोट तोंडात धरलं, मग पँटला पुसलं आणि पुन्हा पाना उचलला. सिराजुद्दीन ते बघत राहिला. उमैरच्या हाताची नखं काळी झाली होती. ती काळी होऊ नयेत म्हणून इतकी वर्षं आपण इथे काढली, असं त्याच्या मनात आलं, आणि तरीही ती बघून बरं वाटलं.

"तुम्ही हे कुणाकडून शिकलात?" उमैरने एक दिवस खाली वाकूनच विचारलं.

"दाभोळला एक मिस्त्री होता. बोटींची इंजिनं करायचा. त्याच्याकडे."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी इचारलंस?"

"तुम्ही कुठे होतात विचारायला," उमैर म्हणाला. त्यात राग नव्हता. बोल्ट घट्ट झाला का ते बघत तो सहज बोलून गेला. सिराजुद्दीनने चहाचा कप उचलला. तो गार झाला होता. तसाच त्याने पिऊन टाकला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाइक पुरी झाली. मग उमैर वर लॉजवर गेला आणि फोन पुन्हा आधीसारखे झाले. कधी दिवसाआड, कधी चार दिवसांनी. जेवलास का. थंडी कशी आहे. सकाळी नमाजेनंतर सिराजुद्दीन सवयीने टेबलाशी बसायचा, थोडा वेळ बसून उठायचा आणि कपाट आवरायला घ्यायचा. त्याच्या जाण्याला दहा दिवस उरले होते. बाळकृष्ण म्हणायचा, "सिराजभाय, तुमी गेल्यावर मला सकाळची करमणूक राहणार नाय." कफीलने त्याला एक घड्याळ दिलं. नबील बायकोने दिलेले खजूर घेऊन आला आणि जाताना त्याला घट्ट मिठी मारून गेला.

जायच्या तीन दिवस आधी सकाळी मोबाइलवर उमैरचा व्हिडिओ आला होता. खाली एकच ओळ होती. "अब्बा, उणे सव्वीस. दुसऱ्या किकला पेटली."

सिराजुद्दीन खाटेवर बसला आणि त्याने तो लावला. बाळकृष्ण मागे येऊन उभा राहिला.

उमैरने मोबाइल कुठल्याशा कुंपणाच्या खांबावर टेकवला असावा. समोर मोकळा बर्फ, त्यापलीकडे वर चढत गेलेली काळपट झाडं. निळ्या बाइकजवळ हेल्मेट घातलेला एक माणूस आला. चेहरा दिसत नव्हता, पण डावा खांदा थोडा खाली ठेवून उभं राहण्याची लकब खतीजाच्या भावांची होती, त्यावरून तो उमैर. त्याने किक मारली. पहिली वाया गेली. दुसरीला इंजिन पेटलं. मग तो पुरती पाच मिनिटं बाइकशेजारी उभा राहिला, सांगितलं होतं तसा. हात काखेत घालून, पाय आपटत. मग बसला, कॅमेऱ्याकडे एकदा हात वर केला आणि निघाला. मागे बर्फ उडाला, त्यात तो आधी अर्धा दिसेनासा झाला, मग झाडांत शिरला.

तो परत येईपर्यंत व्हिडिओ बंद करायला तिथे कुणी नव्हतं. पडद्यावर बर्फ होता, पट्ट्याने काढलेली एक सरळ खूण होती आणि झाडं होती. काहीच हलत नव्हतं.

"गेला," बाळकृष्ण म्हणाला. "संपला व्हिडिओ?"

सिराजुद्दीनने हाताने त्याला थांबवलं आणि मोबाइल कानाशी नेला. इंजिनाचा आवाज अजून येत होता.